पेटी गेली, व्हय म्हाराजा!

हो, एकटाच आलोय! एकटाच! दारापासून इथपर्यंत येईस्तोवर जो भेटेल तो तेच विचारतोय, "काय ओगले, वहिनी नाही आल्या?" अहो, नाही आल्या! येणार कशा? घरात एकानं थांबायचंच असा कायदा झालाय आमच्याकडे! शेवटचा सिनेमा दोघांनी मिळून कधी पाहिला ते आठवत नाही, परवा सख्ख्या भाचीच्या डोहाळजेवणाला ही गेली तेव्हा मी घरी, आज बारशाला मी आलोय तर ही घरी, दारासमोर खुर्ची ओढून बसली असेल, हातात लाटणं! दुखणं नाही, भांडण नाही... राखण! कसली राखण ते सांगतो, सांगतोच, पण मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच चोर समजाल. तसं समजणारी एक बाई आमच्या घरात आहे, तेवढी पुरे.

तर आमची क्षमा. शाळेत शिकवते, इथेच जोगेश्वरीला, पूर्वेला, गुंफेकडे रस्ता जातो ना, तिथे. शाळेचं नाव नाही घेत, उगाच बदनामी कशाला? शिकवते मराठी. पण गाण्याला वेगळा मास्तर ठेवणं शाळेला परवडत नाही, म्हणून वर्देसरांनी, म्हणजे त्यांच्या हेडमास्तरांनी, पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, "ओगलेबाई पार्ल्याच्या आहेत, म्हणजे त्यांना गाणं येत असेलच." झालं! पार्ल्याचं नाव काढलं की हिची मान ताठ. "आमच्या पार्ल्याला असं नसतं हं!" हे वाक्य मी लग्नाच्या पंक्तीत पहिल्यांदा ऐकलं, जिलबी संपली होती तेव्हा, आणि तेव्हापासून आजवर ऐकतोय.

आता पार्ल्याला काय नसतं? तर शाळेत चोऱ्या! आणि आमच्या इथल्या शाळेत? चोर यायचा तो पगारासारखा, महिन्याच्या महिन्याला, फक्त पगारापेक्षा वेळेवर! आधी काय गेलं, तर नळाच्या तोट्या. पितळी होत्या. पोरं पाण्याच्या टाकीत हात बुडवून पाणी प्यायला लागली. मग पंखे गेले. मग काय जावं? घंटा! अहो, शाळेची घंटा! ती पितळेची थाळी नसते का टांगलेली, ती! शाळा सुटायची कशी आता? तर परबसर शिट्टी मारतात. लवू परब, कवायतीचे मास्तर, मालवणकडचे, आवाज असा की मैदानात 'सावधान' म्हटलं तर समोरच्या वाण्याच्या हातातला तराजू थांबतो. त्यांनी शिट्टी मारली की निम्मी पोरं घरी पळायची आणि निम्मी रांगेत उभी राहायची!

आणि दर वेळेला तो हवालदार यायचा. पान तोंडात, टोपी काखेत. तुटलेलं कुलूप बघायचा, खिडकीचा गज हलवायचा, आणि मोठा शोध लागल्यासारखी मान डोलवून सांगायचा, "बाई... माहितगाराचं काम आहे."

बस्स! एवढंच! त्याचं काम झालं, तो गेला चहा पिऊन. पण हिच्या डोक्यात भुंगा सोडून गेला ना! माहितगार! म्हणजे ज्याला माहीत आहे तो! म्हणजे आपल्यातलाच! तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून आमच्या घरात माणसं उरली नाहीत, नुसते माहितगार उरले. दूधवाला? माहितगार. "शाळेला सुट्टी कधीपासून, असं का विचारलं त्यानं?" रद्दीवाला? माहितगार. गोरेगावच्या स्टुडिओतली मंडळी दिवाळीच्या सुट्टीत शाळेत शूटिंग करून गेली होती, तर ते अख्खे कॅमेऱ्यासकट माहितगार! "अहो, सीन कसला होता आठवतंय का? कैदी खिडकीचे गज कापून पळतो! आणि पंखे कुठल्या खिडकीतून गेले? त्याच!" मी म्हटलं, अगं, ते पुठ्ठ्याचे गज होते. तर माझ्याकडे बारीक डोळे करून बघत म्हणते, "तुम्हाला काय माहीत पुठ्ठ्याचे होते ते?" संपलं! मीपण माहितगार!

गुणाजीला तर तिनं भंडावून सोडलं. गुणाजी म्हणजे शाळेचा शिपाई, जिन्याखाली खोली आहे त्याची. ही रोज जाता-येता खोलीत डोकावायची. शेवटी तो वैतागला, "बाई, ह्या खोलीत मी निजलंय तर माझे पाय भायेर येतत. चोरीचो माल ठेवन खंय?"

बरं, हे सगळं चाललं होतं ते तोट्या आणि पंख्यांवर! खरा घाव पुढेच होता. एका सोमवारी सकाळी मी दाढी करतोय, अर्ध्या गालाला साबण, आणि ही शाळेतून उलट्या पावली धावत आलेली. दारात उभी.  मला वाटलं तिच्या आईचं काहीतरी झालं. म्हटलं, अगं काय झालं? तर एवढंच म्हणाली, "पेटी गेली."

पेटी म्हणजे वाजवायची हो. शाळेची. जुनी, कुणी दान दिलेली, भात्याला ठिगळ, आणि मधली एक पट्टी अशी हट्टी की दाबली की खाली जाऊन बसायची ती वर यायचीच नाही! मग ही काय करायची, गाता गाता करंगळीनं ती पट्टी टकदिशी उचकटायची, तेवढा वेळ पोरं गप्प, पट्टी वर आली की पुढची ओळ. पण तुम्ही हसू नका. त्या पेटीवर हिचा जीव होता. दर वर्षी पार्ल्याला समूहगीतांची स्पर्धा असते, शाळाशाळांची, आणि ती भरते कुठे? तर हिच्या स्वतःच्या शाळेत, जिथे ही शिकली! आणि दर वर्षी जोगेश्वरीची पोरं घेऊन ही जाते, तिथल्या तिच्या जुन्या बाई प्रेमानं पाठीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "प्रयत्न छान होता हं, क्षमा." प्रयत्न! अहो, तो एक शब्द घेऊन ही घरी येते आणि रात्री जेवत नाही. या वर्षी मात्र पोरं तयार झाली होती. मीरा म्हणून एक मुलगी होती, बाप गिरणी बंद पडल्यापासून केळी विकतो, काय आवाज तिचा! स्पर्धा महिन्यावर आली होती. आणि पेटी गेली!

मी अर्ध्या दाढीनिशी शाळेत गेलो. हवालदार आलेला होताच, कारण चोरी झालीच होती, प्रयोगशाळेतली पितळी वजनं गेली होती, सगळी. वर्देसर कोपऱ्यात उभे, किडकिडीत माणूस, घामानं शर्ट चिकटलेला. हवालदारानं विचारलं, "आणि काय गेलं?"

ही पुढे झाली. "पेटी!"

तुम्हाला सांगतो, त्याची पानाची पिचकारी तिथल्या तिथे गिळली गेली! आता मुंबईच्या पोलिसाच्या कानाला पेटी म्हणजे एक लाख रुपये, हे पार्ल्याच्या मुलीला कुठून माहीत असणार? तो म्हणाला, "पेटी? अख्खी पेटी?"

"अख्खी! भात्यासकट!"

"भत्त्यासकट?" त्यानं टोपी काखेतून काढून डोक्यावर घातली. "शिक्षकांचा होता काय? ... आणि बाई, खरं सांगा. पांढरे होते का काळे?"

"दोन्ही!" ही म्हणाली. "पांढऱ्या जास्त, आणि मधे मधे काळ्या!"

वाट लागली! तो धावत सुटला, फौजदाराला घेऊन आला, फौजदारामागे शाळेचे सेक्रेटरी आले, सेक्रेटरींच्या मागे अख्खी जोगेश्वरी. शाळेत लाख रुपये होते! काळे-पांढरे! पालक ओरडताहेत, "पंखे लावायला पैसे नाहीत म्हणता, आणि लाखाची पेटी ठेवता?" शेवटी गुणाजीनं पुढे होऊन एका हातानं हवेत भाता मारून आणि दुसऱ्या हातानं हवेत बोटं नाचवून दाखवली, तेव्हा कुठे फौजदाराला उलगडा झाला. त्यानं हवालदाराकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. मग तणतणत पंचनाम्यात लिहून घेतलं: पेटी, वाजवायची, एक. आणि हवालदार जाता जाता हिच्या कानाशी येऊन, दातओठ खात म्हणतो, "माहितगाराचं काम आहे, बाई."

एवढं सगळं होईस्तोवर वर्देसर तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. मी म्हटलं, बिचारे. शाळेची काळजी.

मग काय विचारता! आधी नुसता संशय होता, आता तपास! ही घरी येऊन चहा पिता पिता एकेकाचा आवाज काढून दाखवायची. "प्रेमाबाई आज काय म्हणाल्या माहितीये? 'जाऊ दे गं क्षमा, जुनीच तर होती.' जुनी होती हे का बोलल्या त्या? हं? आणि परबसर! पेटी गेली म्हटल्यावर म्हणाले, 'अरे अरे अरे.' तीनदा! एकदा पुरलं असतं ना?" मी म्हटलं, अगं, दुःख झालं असेल. "कवायतीच्या मास्तराला पेटीचं दुःख?"  मी पेपर तोंडासमोर धरला. तर म्हणते, "तोंड का लपवताय?"

शेवटी परबसरांनाच राहवलं नाही. ते म्हणाले, "ओगलेबाई, पोलिसांनी काय होणार नाय. आमच्या गावाक असा काय झाला तर गाऱ्हाणं घालतत. नारळ ठेवतो, देवाक सांगतो. चोराक अन्न गोड लागणार नाय." वर्देसर म्हणाले, "शाळेत असलं नको," पण त्यांचं म्हणणं नेहमीप्रमाणे पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नाही. आणि क्षमा? एरवी ही असल्या गोष्टींना नाक मुरडणारी, आमच्या पार्ल्याला असं नसतं, पण हिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. घरी येऊन मला म्हणते, "शनिवारी शाळा सुटली की तुम्हीपण यायचं." मी कशाला? "तुम्ही पेटी दुरुस्तीला नेली होती ना मागे? मग तुम्ही माहितगार! सगळ्या माहितगारांनी यायचंय. परबसर गाऱ्हाणं घालणार, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सगळे डोळे मिटतील. मी मिटणार नाही. जो 'व्हय म्हाराजा' म्हणणार नाही... तो चोर!" हे बोलताना ती इतकी खूश होती की मला भीतीच वाटली.

शनिवार उजाडला. स्टाफरूममध्ये सगळे जमले, टेबलावर नारळ, उदबत्ती, दाराशी गुणाजी. परबसरांनी पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि मैदानातल्या त्या आवाजात सुरुवात केली...

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेयलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम. ही डोळे सताड उघडे ठेवून एकेकाचे ओठ बघत फिरतेय.

"ह्या शाळेर जा काय संकट इलेला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेनी कोणी ही पेटी नेल्यान आसात, तेका सुखान झोप लागाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे वर्देसरांना ठसका लागला. पण त्यांना एरवीपण लागायचा, कोणी लक्ष दिलं नाही.

आणि मग परबसर रंगात आले. माणूस रंगात आला की हद्द राहत नाही हो! डोळे मिटलेले, मान डोलतेय, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आणि नुसती पेटीच न्हय रे म्हाराजा! ह्या शाळेतली काडी जरी कोणी घराक नेलेली आसात, मगे तो खडू आसांदे, नायतर फडक्या आसांदे... तेच्या पोटात कळ येवंदे रे म्हाराजा!"

...

शांतता! अहो, टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि तीसुद्धा शाळेचीच निघाली असती! कोणी 'व्हय' म्हणेना! प्रेमाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणाला खोकला, कोणाला शिंक, कोणी चष्मा पुसतोय, चित्रकलेचे मास्तर छताकडे बघताहेत, जिथे पंखा होता तिकडे. मी क्षमाकडे पाहिलं. तिनं 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, ज्याच्यावर आमचा माठ असतो ना, ते स्टूल... कधीतरी आकाशकंदील लावायला म्हणून प्रयोगशाळेतून एका दिवसासाठी आणलेलं... खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात शाळेचं नाव आहे त्याच्यावर! ती माझ्याकडे बघतेय, मी नारळाकडे बघतोय. आणि मग तिलापण खोकला आला.

आणि परबसर? ते पुढच्या वाक्याला तोंड उघडायला गेले तर त्यांचाच आवाज बसला! एकटा गुणाजी दारातून, छाती भरून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

घरी येताना ही म्हणाली, "गुणाजी एवढ्या जोरात का ओरडला हो? यात काहीतरी आहे."

पण रात्रभर ही तळमळली, हे खरं. पोटात कळ आली होती म्हणते. माझ्यापण आली होती, पण ती वांग्याच्या भरतामुळे असावी. मग कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, सगळ्यांनी मिळून एकमतानं ठरवलं: स्टाफरूमच्या शेजारची खोली उघडी ठेवायची, ज्याला जे आणून ठेवायचंय ते त्यानं ठेवावं, कोणी कोणाला काही विचारायचं नाही. आणि ते स्टूल खांद्यावर घेऊन जायचं कोणी? मीच! हिच्या जुन्या साडीत गुंडाळून! सकाळी सकाळी मी निघालो, रस्त्यात समोरून प्रेमाबाईंचे यजमान, त्यांच्याही काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल. मी म्हटलं, "काय, फिरायला?" ते म्हणाले, "हो, फिरायला. तुम्ही?" "मीपण." आणि दोघं एकाच दिशेनं, एकमेकांकडे न बघता, शाळेच्या फाटकातून आत! ते गोल म्हणजे पृथ्वीचा गोल होता. त्यांच्या मुलाला भूगोलात कमी मार्क होते म्हणून नेला होता म्हणे, मुलगा आता नोकरीला लागलाय.

त्या खोलीत काय काय आलं म्हणून सांगू! डस्टर, खडूची खोकी, पडदे, लोहचुंबक, घड्याळ, एक अख्खी सतरंजी! स्वतः परबसरांनी शाळेचा कॅरम बोर्ड आणला, वर म्हणाले, "माझ्याच पोटात पयली कळ इली." आणि मंगळवारी सकाळी क्षमा खोलीत शिरली, तर कोपऱ्यात, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेली... पेटी!

तिनं आधी चादर सोडली नाही. विश्वासच नाही ना कशावर! चादरीवरूनच चाचपून ती मधली पट्टी दाबली. पट्टी खाली गेली ती बसलीच. तुम्हाला सांगतो, माझी बायको शाळेच्या त्या खोलीत, खडूच्या खोक्यांमध्ये बसून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी! "आमचीच आहे! आमचीच!" पोरांना बोलावलं, मीराला पोटाशी धरलं, दोन गाणी तिथेच झाली. त्या दिवशी घरी येताना तिनं दूधवाल्याला चक्क "काय, बरं आहे ना?" विचारलं. तो घाबरून दूध न घालताच गेला.

पण रात्री पेटीतला कचरा काढायचा म्हणून तिनं पट्ट्यांच्या फटीत पिन घातली, नेली होती साफ करायला घरी, म्हणजे परत आणायचीच होती, तर फटीतून काय निघालं? एक पिवळा पोहा. मोहरीचा दाणा. कढीपत्त्याचं पान! ही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो... वर्देसरांच्या शुभाचं लग्न ठरलं ना? पेढे कधी वाटले त्यांनी?" मी म्हटलं, चोरीच्या दुसऱ्या दिवशी. "म्हणजे शनिवारी पोह्यांचा कार्यक्रम. मुलगी गाते म्हणून सांगितलं असणार, घरात पेटी नाही. रविवारी आणून ठेवू म्हणाले असतील, तर पाहुणे रेंगाळले. आणि सोमवारी सकाळी शाळेत हवालदार, फौजदार, सेक्रेटरी, लाखाची बोंब... कोणत्या तोंडानं सांगणार, पेटी माझ्या दिवाणखान्यात आहे म्हणून?" मला वाटलं ही आता उठून त्यांच्या घरी जाणार. पण तिनं ते कढीपत्त्याचं पान उचलून केरात टाकलं. "आईविना वाढवलीये त्यांनी मुलगी. जाऊ दे. आली ना पेटी." आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत हिनं संशय आपणहून सोडून दिला तो त्या रात्री पहिल्यांदा.

हे इथे संपलं असतं तर मी आज इथे एकटा कशाला आलो असतो?

खरा चोर होताच की! त्याला विसरलात ना? आम्हीपण विसरलो होतो! त्यानं पुढच्या रविवारी येऊन बघितलं तर काय, एका खोलीत, नीट पुसून, मांडून ठेवलेला सगळा माल! इतकी वर्षं जो जोगेश्वरीभर घराघरांत सुखरूप पडलेला होता, तो देवाच्या भीतीनं आम्हीच गोळा करून ठेवलेला! त्यानं टेम्पो आणला असणार. गोल गेला, कॅरम गेला, सतरंजी गेली, आमचं स्टूल गेलं. आणि साफ करून तिथेच परत आणून ठेवलेली पेटी गेली. खरीच गेली.

हवालदार आला. टोपी काखेत, पान तोंडात. "काय काय गेलं?"

सांगणार काय? स्टूल गेलं म्हटलं तर हा विचारणार, होतं कुठे? सगळे एकमेकांकडे बघताहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! ही एकटी पुढे झाली. "पेटी."

"अहो बाई," तो म्हणाला, आणि पेटी शब्दाचा त्याला आता चांगलाच राग होता, "पेटी आधीच गेलीये. माझ्याकडे लिहिलेलंय. गेलेली पेटी परत कशी जाईल? परत गेली म्हणजे मधे आली असणार. कुठून आली? कोणी आणली? तेवढं सांगा, मग गेली म्हणून लिहितो. शोधतो. पितळवाले, जुना बाजार, सगळीकडे जातो. पण आधी सांगा, आणली कोणी?"

 क्षमानं मान वळवून वर्देसरांकडे पाहिलं. शुभाच्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्या हातातच होत्या, त्या दिवशी स्टाफला द्यायला आणलेल्या. त्यांनी तोंड उघडलं... आणि त्यांना ठसका लागला. असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. ठसक्याचं पाणी आणि दुसरं पाणी, मला तरी कळतं. हिलापण कळलं.

ती हवालदाराला म्हणाली, "माझीच चूक झाली. पेटी एकदाच गेली."

"तरी म्हटलं," हवालदार म्हणाला. आणि फाटकापर्यंत जाऊन वळला, "बाकी काय असेल नसेल ते... माहितगाराचं काम आहे हं!"

घरी येऊन ही रडली. चांगली हुंदके देऊन रडली. माठ जमिनीवर ठेवलेला, त्याच्या शेजारी बसून. मी पाणी दिलं, वाकून.

स्पर्धा आठवड्यावर. पार्ल्याला गेलो आम्ही, पोरं, परबसर, मी. तिथल्या जुन्या बाई म्हणाल्या, "आमची पेटी घे ना गं." हिनं ती पेटी वरून-खालून पाहिली, आणि तिची जुनी खोड उसळली. माझ्या कानात, "नको. काही मोडलं तर नाव आपलं. आणि इतक्या गोड का बोलताहेत त्या?" तशीच उभी केली पोरं, बिनपेटीची. परबसरांनी मान हलवून ताल धरला. मीरानं सूर लावला, आणि तुम्हाला सांगतो, सभागृह गप्प झालं. पोरं गातायत, गातायत, आणि तो सूर आला. तोच, त्या हट्टी पट्टीचा! आणि तिथे सगळीच्या सगळी पोरं थांबली. गप्प! एक क्षण! का? तर बाई करंगळीनं पट्टी वर काढणार, त्याची वाट बघत! सवयच ती! मी म्हटलं, विसरली पोरं. तर लगेच पुढची ओळ, एका आवाजात. आणि दर कडव्याला त्याच जागी तेच!

परीक्षक उठून उभे राहिले. म्हणाले, "तो विराम! काय तो विराम! त्या एका थांबण्यात शिक्षिकेची सगळी साधना दिसते!" आणि पहिला नंबर! जोगेश्वरीला! जुन्या बाई पुढे आल्या, तोंड उघडलं, पण 'प्रयत्न' काही म्हणता येईना त्यांना. आणि आमची क्षमा? हातात ही एवढी मोठी चांदीच्या मुलाम्याची ढाल, चेहऱ्यावर आनंद ओसंडतोय, आणि मला हळूच विचारते, "अहो... परीक्षक परबसरांच्या गावचे तर नव्हते ना? मला हे माहितगाराचं काम वाटतंय."

आता ही ढाल. ती फिरती असते हो! वर्षभर ठेवायची आणि पुढच्या वर्षी परत करायची, पार्ल्याच्या शाळेला, हिच्या माहेरी! हरवली तर? जोगेश्वरीवाल्यांनी पार्ल्याची ढाल घालवली म्हणून जन्मभर ऐकायचं! वर्देसरांनी हिला बाजूला घेतलं, खाली बघून, पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "ओगलेबाई, शाळेत नका ठेवू. तुमच्या घरी राहू दे. तिथे... सुरक्षित राहील." जरा थांबले आणि म्हणाले, "शुभा होणाऱ्या सासरच्या पेटीवरही ती एक पट्टी करंगळीनं उचकटते हो. सासूबाई विचारतात, हे काय." हिनं ढाल घेतली. 

तेव्हापासून ती आमच्या पलंगाखाली आहे. फुलाफुलांच्या चादरीत. आणि वर मी. आळीपाळीनं राखण. ही बाहेर तर मी घरात, मी बाहेर तर ही लाटणं घेऊन दारात, आणि मी घरी गेलो की आधी बाहेरून नाव सांगायचं, मग दार उघडतं. निघायला हवं मला, पेढे नंतर कोणाबरोबर तरी पाठवा... नाही, नको, कोणाला घरी पाठवू नका, ती उघडणार नाही!

आणि कालच परबसर भेटले नाक्यावर. खूश होते, नव्या तोट्या बसवल्या शाळेत. म्हणाले, "ओगले, येत्या शनिवारी परत गाऱ्हाणं घालूचा आसा, वर्षाचा. येवा तुम्ही." आता सांगा, मी जाऊन काय म्हणू? हे परत रंगात येणार, परत 'शाळेतली काडी जरी' म्हणणार, आणि माझ्या पलंगाखाली काडी नाही हो, अख्खी ढाल!

नाही कसं म्हणणार, जाणार. खोकल्याची प्रॅक्टिस आतापासूनच चालू केलीये... खः खः... व्हय म्हाराजा.